निवळी : वाढत्या प्रवाळांच्या संगोपनाची प्रस्तावना

शाळेच्या प्रयोगशाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली नाही असा मराठी विद्यार्थी विरळा. निवळी दुधाळ होते, बाई विचारतात, "का झाली?", वर्ग एका सुरात "कार्बन डायऑक्साइड" म्हणतो आणि घंटा होते. पाटणला प्राणिशास्त्र शिकवू लागण्याआधी काही वर्षे मी हायस्कूलच्या मुलांना विज्ञान शिकवत होते आणि हा प्रयोग मीही दरवर्षी असाच अर्ध्यावर सोडत आले. उरलेला अर्धा भाग असा : निवळी पातळ असली आणि कंटाळा न करता फुंकत राहिले की दुधाळलेली निवळी हळूहळू पुन्हा स्वच्छ होते. खाली बसू पाहणारा पांढरा साका पाण्यात विरघळून जातो. श्वासातला जो वायू चुना घट्ट करतो, तोच जास्त झाला की चुना विरघळवतो. प्रवाळाचे सगळे बांधकाम या दोन घटनांच्या मधल्या अरुंद जागेत चालते, आणि या पुस्तकाचा विषय त्या जागेत आहे.

विषय थोडक्यात सांगते. अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरा, पोसिलोपोरा, स्टायलोफोरा, सेरिआटोपोरा ही जलद वाढणाऱ्या कठीण प्रवाळांची नावे. काचेच्या टाकीत त्यांना जगवण्याचे, वाढवण्याचे आणि वाढल्यावर आवरण्याचे हे शास्त्र आहे. यातला 'आवरण्याचे' हा शब्द वाचकाने खूण करून ठेवावा. प्रवाळ जगवायचे कसे याच्या सूचना भरपूर मिळतात. ते जगले आणि जोमाने वाढू लागले की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जे प्रश्न उभे राहतात, त्यांच्याबद्दल फार कमी लिहिले गेले आहे. माझ्या मते खरे शास्त्र तिथे सुरू होते, कारण वाढ ही आधी मागणी असते. प्रवाळ वाढले म्हणजे त्याला रोज लागणारा चुना वाढला, त्याने दुसऱ्याचा उजेड अडवला, पाण्याची वाट बंद केली. त्या मागणीचा रोजचा हिशेब जो ठेवतो, त्याच्याकडे प्रवाळ टिकते.

प्रवाळ हा प्राणी आहे, हे आज शालेय ज्ञान झाले असले तरी अठराव्या शतकात झाँ-आंद्रे पेसोनेल या फ्रेंच वैद्याने ते सांगितले तेव्हा विद्वानांना पटले नव्हते. आपल्याकडे पोवळे म्हटले की मंगळाची अंगठी किंवा वैद्याकडची प्रवाळ पिष्टी आठवते. ते लाल पोवळे वेगळ्या कुळातले. आपण ज्यांच्याबद्दल बोलतो आहोत ती खडक बांधणारी प्रवाळे. मोहरीएवढे, वाटाण्याएवढे असंख्य जीव एकमेकांना चिकटून एका पातळ कातडीसारखे राहतात आणि आपल्याखाली चुन्याचा सांगाडा रचत जातात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडात साखर बनवते आणि तिच्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. या भाड्यावर प्रवाळाचे बांधकाम चालते. १९५९ साली टॉमस गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून जमैकातल्या प्रवाळांवर केलेले काम प्रसिद्ध झाले. उजेडात चुना साठण्याचा वेग अंधारातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, हे त्यातून मोजमापासकट कळले.

या कुळांतही वेगाचा फरक फार मोठा. पोराइटिसचा गोल दगडासारखा गड्डा वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतो. शिंगासारख्या फांद्यांची अ‍ॅक्रोपोरा वर्षात दहा-पंधरा सेंटिमीटर लांब होते. तिची युक्ती इमारत बांधणाऱ्यासारखी आहे : टोकाचा एक जीव भराभर पुढे जात सच्छिद्र, हलका सांगाडा उभा करतो, भराव मागून होतो. टोक पांढरे दिसते ते आजारामुळे नव्हे, तिथे शैवाल अजून पोचलेले नसते म्हणून. नवशिक्याने हे टोक पाहून घाबरू नये. ते पांढरे दिसेनासे झाले तर मात्र वाढ थांबली असे समजावे.

पाटणला बसून समुद्रातल्या प्रवाळावर कोण लिहिणार, असे मला अनेकांनी विचारले आहे. केरा आणि कोयना यांच्या संगमावरचे हे गाव, चारी बाजूंना काळा कातळ, समुद्र सह्याद्रीपलीकडे. पण आमच्या तालुक्याचे पाणी दोन समुद्रांना जाते, ही गोष्ट किती जणांच्या ध्यानात आहे? कोयना धरणातून नदीत सोडलेले पाणी पाटणवरून कराडला जाते, प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते. विजेसाठी वळवलेले पाणी डोंगराखालच्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरते आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत पोचते. कोयनानगरला वर्षाला साधारण ५००० मिलिमीटर पाऊस पडतो. पडताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, मातीत मुरताना आणखी घेतो, आणि असे किंचित आंबट झालेले पाणी कातळाला झिजवते. बेसॉल्टमधल्या खनिजांत कॅल्शियम असते. ते सुटून, बायकार्बोनेटला सोबत घेऊन, नदीतून समुद्राला जाते. जगातल्या सगळ्या नद्या हेच काम करत आल्या आहेत आणि समुद्रातले जीव त्याच चुन्यावर शिंपले, शंख आणि प्रवाळ बांधतात. फुंकर मारत राहिल्यावर निवळी स्वच्छ होते तो प्रयोग घाटमाथ्यावर दर पावसाळ्यात चालू असतो. तेव्हा काळ्या कातळाच्या माणसाने पांढऱ्या प्रवाळाबद्दल बोलण्यात वावगे काही नाही.

प्रत्यक्ष वाढणारी अ‍ॅक्रोपोरा मी पहिल्यांदा पाहिली ती लंडनला, भाचीच्या घरी. बैठकीच्या खोलीत चारशे लिटरची टाकी, निळसर उजेड, आणि त्यात जांभळ्या, हिरव्या, मधाच्या रंगाच्या फांद्या. मी समोर खुर्ची ओढून बसले ती चहा गार होईपर्यंत. चहाची किटली पाहून दुसरे आश्चर्य वाटले : आत पांढऱ्या चुन्याचा जाड थर. लंडन चुनखडीच्या थरांवर वसलेले, तिथल्या नळाच्या पाण्यात चुना भरपूर. आमच्याकडे पावसाळी ओढ्याचे पाणी इतके मऊ की साबण हाताचा सुटत नाही. "मग टाकीला चुना बाहेरून कशाला घालतेस? नळाचेच पाणी घाल की," असे मी म्हणाले. ती हसली आणि तिने वही पुढे केली. "मावशी, नळाच्या पाण्यात चुन्याबरोबर नायट्रेट, फॉस्फेट, तांबे, काय काय येतं. म्हणून ते सगळं गाळून आधी कोरं पाणी करायचं, मग आपल्याला हवं तेवढंच मोजून घालायचं."

त्या वहीने मला या शास्त्रात ओढले. रोजची तारीख, वेळ, आणि एक आकडा : अल्कता. बाकीचे आकडे आठवड्यातून एकदा. मी विचारले, प्रवाळ कॅल्शियमचे, मग रोज अल्कता का मोजतेस? याचे उत्तर समजले की निम्मे शास्त्र समजले, म्हणून इथे जरा थांबते.

समुद्राच्या पाण्यात एका लिटरला साधारण ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. त्याची जोडीदार असलेली अल्कता, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, टाकीवाले 'डीकेएच' या जर्मन मापात मोजतात. समुद्रात ती ७ च्या आसपास. सांगाड्याचा प्रत्येक कण बांधताना प्रवाळ दोन्ही घेते, आणि घेण्याचे प्रमाण ठरलेले आहे : अल्कता २.८ अंशांनी उतरली की कॅल्शियम २० मिलिग्रॅमने उतरते. आता पाहा, एखाद्या टाकीत अल्कता रोज १.४ ने खाली येते आहे आणि दोन दिवस चुना घालायचा राहिला. कॅल्शियम ४२० वरून ४०० वर आले, प्रवाळाला पत्ताही लागणार नाही. अल्कता मात्र साडेसातवरून पाचच्याही खाली गेली आणि टोके वाढायची थांबली. कॅल्शियम म्हणजे कणगीतले धान्य, अल्कता म्हणजे हातातली रोकड. घर अडते ते रोकडीवाचून, म्हणून रोज सकाळी रोकड मोजायची.

याच आकड्यातून वाढही वजनात काढता येते. चारशे लिटर पाण्यात रोज १.४ अंश उतरत असेल तर प्रवाळ रोज दहा ग्रॅम चुनखडी बांधते आहे. वर्षाला साडेतीन किलोहून अधिक दगड, बैठकीच्या खोलीत, पाण्यात विरघळलेल्या चुन्यातून. भाचीच्या वहीत पहिल्या वर्षी हाच उतार ०.३ होता, म्हणजे रोजचे जेमतेम दोन ग्रॅम. प्रवाळे तीच, टाकी तीच, पण पाचपट भूक. ज्यांनी पहिल्या वर्षीची मात्रा तशीच चालू ठेवली त्यांची प्रवाळे 'कारण न कळता' मरतात. कारण वहीत लिहिलेले असते, वही असेल तर.

चुना पुरवायचा कसा? सर्वांत जुना आणि मला सर्वांत आवडणारा मार्ग आपल्या ओळखीचा आहे : चुन्याची निवळी. १९७०च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी युरोपातल्या टाकीवाल्यांना तिची सवय लावली आणि 'काल्कवासर' हा जर्मन शब्द जगभर गेला. अर्थ अगदी साधा, चुन्याचे पाणी. कोरडवाहू शेतावर बसून तंबाखू मळणाऱ्याच्या चंचीतल्या डबीत असतो तोच भिजवलेला चुना, फक्त टाकीसाठी तो शुद्ध हवा. एका लिटर पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपासच विरघळतो, बाकी तळाला बसतो. वरची नितळ निवळी टाकीतून रोज उडून जाणाऱ्या पाण्याच्या जागी थेंबथेंब सोडायची. रात्री सोडणे चांगले, कारण अंधारात पाण्याचा सामू उतरलेला असतो आणि निवळी तीव्र अल्क असल्याने तो सावरते. डोळ्यांत, हातावर पडू देऊ नये. गुण असा की कॅल्शियम आणि अल्कता नेमक्या प्रमाणात एकत्र मिळतात. मर्यादाही त्याच हिशेबात दिसते : रोज दहा ग्रॅम चुनखडीची भरपाई करायला पाच लिटर निवळी लागते, आणि टाकीतून तेवढे पाणी उडतच नसेल तर निवळी कमी पडते. मग कॅल्शियम क्लोराइड आणि खाण्याचा सोडा वेगवेगळे विरघळवून मोजून घालतात, किंवा एका बंद नळकांड्यात मेलेल्या प्रवाळाचा चुरा भरून त्यातून कार्बन डायऑक्साइड मिसळलेले पाणी फिरवतात. चुरा विरघळतो आणि त्याचे पाणी जिवंत प्रवाळाकडे जाते. हे नळकांडे म्हणजे आपल्या प्रयोगाचा राहून गेलेला दुसरा भागच. मॅग्नेशियमही विसरू नये. लिटरला १३०० मिलिग्रॅमच्या आसपास ते असले की चुना पाण्यात आपोआप गोठत नाही, प्रवाळाच्या हातूनच गोठतो.

चूक कशी होते तेही सांगते, कारण ती बहुतेकांची होते. भाची आठवडाभर बाहेरगावी गेली. मात्रा सोडणाऱ्या पंपाची नळी चुन्यानेच बुजली. परत आली तेव्हा अल्कता ५ वर आली होती, प्रवाळे मलूल पण जिवंत होती. घाबरून तिने ती एका रात्रीत ८ वर नेली. दोन दिवसांनी बुंध्याकडून मांस सुटू लागले आणि दोन मोठ्या वसाहती पांढऱ्या पडल्या. फोनवर ती रडत होती. उतरणे आठवड्याचे होते, ते प्रवाळांनी सोसले होते. एका रात्रीची चढण त्यांना सोसवली नाही. तेव्हापासून तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे : दिवसाला अर्ध्या अंशापेक्षा जास्त चढवायचे नाही. या पुस्तकातल्या सगळ्या कोष्टकांपेक्षा मी या ओळीला जास्त मोल देते.

उजेड, उष्णता, क्षारता यांची प्रकरणे पुढे सविस्तर आहेत, म्हणून इथे एवढेच : पंचवीस-सव्वीस अंश तापमान, हजारी ३५ क्षारता, आणि यांतले काहीही झटक्यात बदलू न देणे. समुद्रातही नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एक अंशाने जास्त तापून तसेच आठवडेच्या आठवडे राहिले, की प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. यालाच विरंजन म्हणतात. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या सागर व वातावरण प्रशासनाने जगभरच्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा केली, ती याच एका अंशाच्या गोष्टीतून.

आता आवरण्याकडे येते. इथे मला पुस्तकांपेक्षा आमच्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी जास्त शिकवले. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला विचारा, तो वेल वाढवतो की आवरतो? एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, मधे काड्यांची विरळणी, आणि पानदेठ तपासून खताची मात्रा. उजेड काडीच्या डोळ्यापर्यंत पोचला पाहिजे, यासाठी हा सगळा खटाटोप. वाढत्या प्रवाळाचेही तसेच आहे. मॉन्टिपोराची ताटली रुंद होत गेली की तिच्या सावलीत खालचे सगळे मरते. अ‍ॅक्रोपोराचे झुडूप दाट झाले की आत पाणी खेळत नाही, गाळ साचतो, आणि वरून सुंदर दिसणारी वसाहत तळाकडून सडू लागते. उसाच्या दाट फडात शिरलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही : पाचट काढले नाही तर आत वारा शिरत नाही.

शेजारभांडणेही असतात. जूडिथ लँग यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जमैकात दाखवून दिले की प्रवाळे एकमेकांवर पोटातले पाचक तंतू सोडून शेजाऱ्याला अक्षरशः जिवंत पचवतात. यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की सावकाश वाढणारी गड्ड्यांसारखी प्रवाळे बहुधा यात तरबेज असतात. जलद वाढणारी अ‍ॅक्रोपोरा डंखात कमी पडते आणि वरून सावली धरून लढाई जिंकते. टाकीत दोघांना शेजारी ठेवले तर आज एक हरते, वर्षाने दुसरे. मधे वीतभर जागा सोडणे आणि ती कात्रीने राखणे हाच उपाय.

आणि छाटलेल्या फांद्या? त्या टाकायच्या नसतात. त्यांना इंग्रजीत वेगळा शब्द आहे, पण कृष्णाकाठच्या माणसाला तो लागणार नाही. ते बेणे आहे. उसाची डोळा असलेली कांडी जशी नवे बेट उभे करते तशी अ‍ॅक्रोपोराची दोन-तीन सेंटिमीटरची कांडी नवी वसाहत उभी करते. दगडाच्या छोट्या चकतीवर चिकटवायची, मध्यम उजेडात आणि चांगल्या प्रवाहात ठेवायची, काही आठवड्यांत ती चकतीवर पसरून पाय रोवते. छाटल्यावर मागे राहिलेला बुंधा पुन्हा फुटतो, तो खोडवा. अशा कांड्या रांगेने वाढवण्याची जागा म्हणजे बेणेमळा. आणि बाहेरून आणलेले बेणे थेट मुख्य टाकीत घालायचे नाही, आधी बेणेप्रक्रिया करायची, औषधी द्रावणात बुडवून वेगळ्या टाकीत काही आठवडे ठेवायचे. कारण अ‍ॅक्रोपोरा खाणारा चपटा कृमी तिच्याच रंगाचा असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ती त्याने खाल्लेली गोल फिकट वर्तुळे आणि बुंध्याजवळची तपकिरी अंडी. मॉन्टिपोरावर तसाच एक पांढरा समुद्री गोगलगाईचा प्रकार येतो. लाल कुजव्या रोगाचे बेणे एकदा शेतात शिरले की काय होते ते ज्यांनी पाहिले आहे, ते या टप्प्यावर घाई करणार नाहीत.

बेण्याचे हे तंत्र दिवाणखान्यातून समुद्रात पोचले आहे. फ्लॉरिडातल्या मोट प्रयोगशाळेत डेव्हिड वॉन यांच्या हातून एल्कहॉर्न प्रवाळाचा तुकडा चुकून मोडला आणि तळाला चिकटून राहिलेले बारीक कण अनपेक्षित वेगाने पसरू लागले. त्यातून सूक्ष्म तुकड्यांची लागवड पुढे आली. खरे तर टाकी आणि समुद्र यांची देवाणघेवाण आधीपासूनची आहे. १९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवण्याची पद्धत लिहून काढली. पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर अ‍ॅडी यांनी संपूर्ण प्रवाळखडकाची छोटी प्रतिकृती चालवली. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी टाकीत समुद्राचे ऋतू, सूर्याचा उदयास्त आणि चंद्राच्या कला उतरवून अ‍ॅक्रोपोराच्या चार जातींना अंडी-शुक्र सोडायला लावले. ते काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. कांडीने लागवड करता येते, पण सगळे बेणे एकाच वेलीचे असले की एक रोग सगळ्यांना नेतो. बियांपासून नवी रोपे तयार होणे किती महत्त्वाचे, हे द्राक्ष आणि ऊस दोघांच्या संशोधकांना ठाऊक आहे. हॉर्निमनचे मोल मला त्यात वाटते.

इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायला हवी. खडक बांधणारी सर्व प्रवाळे भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांचा समावेश २००१ साली झाला. समुद्रातून ती काढणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे, मग ती जिवंत असोत की मेलेली. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही साइट्स कराराचे नियंत्रण आहे. म्हणून सातारा, सांगली किंवा मुंबईच्या घरात अ‍ॅक्रोपोराची टाकी मांडण्याचे आमंत्रण मी देत नाही. कोणी 'सगळे कायदेशीर आहे' म्हणून तुकडा पुढे केला तर हात मागे घ्यावा. परदेशात, जिथे परवान्याने वाढवलेली प्रवाळे मिळतात तिथल्या मराठी घरांना हे पुस्तक थेट उपयोगी पडेल. इथल्या वाचकासाठी माझे कारण वेगळे आहे.

ते कारण आपल्या किनाऱ्यावर आहे. १९७९ मध्ये एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळे असल्याची नोंद केली. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या थोडे वर. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवरची प्रवाळे बहुतेक सावकाश वाढणारी, गढूळ पाणी आणि पावसाळा सोसणारी. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पात तिथे कृत्रिम आधारांवर प्रवाळांचे रोपण झाले. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजीअली इथल्या १८ छोट्या वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली दुसरीकडे हलवल्या गेल्या. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे. तिथले पाणी नितळ, त्यामुळे प्रवाळांचे वैभव मोठे. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांची एक मोहीम तिथे जाऊन आली. शेजारच्या कच्छच्या आखातात तर फांद्यांची अ‍ॅक्रोपोरा नाहीशी झाली होती. तिथे मिठापूरजवळ २०२० मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षणाने सौम्य वीजप्रवाहाने चुना साठवणारी लोखंडी चौकट समुद्रात बसवली.

या प्रत्येक कामाला बेण्याची निवड करणारे, कांडी नीट चिकटवणारे, अल्कतेचा उतार पाहून प्रकृती ओळखणारे हात लागतात. मालवण-देवगडच्या मुलामुलींना पाण्यात बुडी मारता येते, मासा आणि भरती-ओहोटी कळते. प्रवाळाच्या चुन्याचा हिशेब त्यांना मराठीत कुणी शिकवला नाही. सरकारी प्रयोगशाळांत आणि सार्वजनिक मत्स्यालयांत तो शिकण्याची सोय व्हायला हवी, असे मला फार मनापासून वाटते. १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेव्हापासून घाटावरच्या किती पोरांनी समुद्र पहिल्यांदा त्या काचेतून पाहिला. मीही त्यातलीच. तशा काचेमागे, परवान्याने, वाढते प्रवाळ आणि शेजारी त्याची रोजची वही ठेवलेली असावी.

भाषेबद्दल एक शब्द. आमच्याच जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. नवे ज्ञान मराठीत मांडताना शब्द कसे पारखायचे याची शिस्त त्यातून मिळाली. अल्कता, सामू, विरंजन हे शब्द मी शास्त्राच्या परिभाषेतून घेतले. बेणे, खोडवा, निवळी, छाटणी मात्र शेतातून आणि स्वयंपाकघरातून आले. जिथे दोन्हींपैकी निवड करायची वेळ आली तिथे मी शेताकडे झुकले आहे, कारण ते शब्द उच्चारताच काय करायचे ते हाताला आपोआप कळते.

पुढचे प्रकरण उघडण्यापूर्वी एक काम करा. त्याला परवाना लागत नाही. काचेच्या बरणीत स्वच्छ पाणी घ्या, चमचाभर भिजवलेला चुना घालून ढवळा आणि झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी वरची निवळी दोन पेल्यांत हलकेच ओता, हात लागू न देता. एक पेला उघडाच खिडकीत ठेवा. दुसऱ्यातली निवळी बरेचसे स्वच्छ पाणी घालून पातळ करा आणि तिच्यात नळीने फुंका, निवळी तोंडात ओढली जाणार नाही याची काळजी घेऊन. दुधाळ होईल, थांबू नका. दहा मिनिटे, लागली तर पंधरा, फुंकत राहा, आणि पाणी पुन्हा नितळ होऊ लागले की घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा. मग खिडकीतल्या पेल्याकडे जा. पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा एक पातळ, कडक पापुद्रा धरलेला असेल. सुईने तो उचलून उन्हात धरा.